एकाच औषधावर बुंदी आणि मी

खरं सांगायचं तर त्या तापाचे पहिले दिवस मला वाईट गेले नाहीत. अंग ठणकत होतं, डोकं भणभणत होतं; पण दुपारी ताप चढला की आमची स्नेहलतागंजची छोटीशी खोली मोठी व्हायची. भिंती हळूच मागे सरकायच्या. स्टेशनवरची अनाउन्समेंट खिडकीतून आत यायची आणि मला वाटायचं, ती बाई माझंच नाव घेते आहे. माझी गाडी लागली आहे, पण घाई नाही, गाडी थांबणार आहे. मी डोळे मिटून त्या आवाजावर तरंगत राहायचे. कुणी पाणी आणून दिलं तर त्याचा राग यायचा.

आज वाटतं, धोका त्यातच होता. आपण बुडतोय हे मला कळतच नव्हतं.

ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे किंवा ज्यांचं घोड्यांजवळ जाणं-येणं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मला काय झालंय ते बरेच दिवस कुणालाच समजलं नाही, आणि ज्याच्यामुळे झालं तो जीव तिळाएवढा होता.

नूरी

आमच्या घरात तीन माणसं. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. माझा नवरा सुहास एका कंपनीच्या ऑफिसात आहे. सासरे, म्हणजे अप्पा, रेल्वेतून रिटायर झालेले. फार कमी बोलतात. चौथी बुंदी. बदामी रंगाची, पाठीवर ठिपके असलेली गावठी कुत्री. पिल्लू असताना आमच्या जिन्याखाली येऊन बसली ती गेलीच नाही. अप्पांनी तिला कधी हात लावला नव्हता. "तिचं तिला राहू द्या," एवढंच म्हणायचे.

आणि घराबाहेर नूरी. नूरी ही वरातीतली पांढरी घोडी. तिचे मालक युसूफ भिया; आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात भाईला भियाच म्हणतात. त्यांचं पत्र्याचं शेड कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या, म्हणजे राजघराण्याच्या दगडी समाध्यांच्या, पलीकडे, नदीच्या बाजूला आहे. वरात आटोपून परतताना ते आमच्या गल्लीतून जायचे आणि मी खाली जाऊन नूरीला गुळाचा खडा द्यायचे. मग मी रविवारी शेडवरच जायला लागले. बुंदीही बरोबर असायची. युसूफ भियांनी एक दिवस माझ्या हातात खरारा दिला, तेव्हापासून नूरीचं अंग घासणं हे माझं रविवारचं काम झालं. आठवडाभर पुस्तकांची धूळ, आणि रविवारी ते ऊबदार, हलतं, श्वास घेणारं पांढरं अंग. मला दुसरा कुठला छंद नाही.

पावसाळ्यात लग्नं नसतात. घोडी दिवसभर नदीकाठच्या गवतात चरायची. त्या वर्षी गोचीड खूप झाले होते. आमच्याकडे सगळे किलनी म्हणतात. नूरीच्या कानांच्या आत, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली, फुगून राखाडी झालेले मण्यांसारखे. बुंदीच्याही बोटांच्या बेचक्यांत. मी ते बोटांनी उपटायचे आणि दोन नखांमध्ये चिरडायचे. टच् असा बारीक आवाज यायचा, आणि आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटायचं. मग साडीला हात पुसून चहा प्यायचे.

खपली

ताप आला तेव्हा कुणालाही आधी डेंग्यूच आठवला. रिपोर्ट आला, डेंग्यू नाही. मलेरिया नाही. टायफॉइडची गोळी सुरू केली, ताप तसाच. मग मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके आले, आणि एका सकाळी सुहासने माझा हात उलटा केला तर तळव्यावरही होते. तो मला उठवून सरळ हॉस्पिटलात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या. त्यांनी माझे तळवे पाहिले, तळपाय पाहिले, आणि खुर्ची जवळ ओढून विचारलं, "घर में कोई जानवर है?"

"कुत्ती है," सुहास म्हणाला.

"और नूरी," मी म्हटलं.

"नूरी कौन?"

"घोडी."

मॅडमनी मान डोलावली, जणू घरोघरी एक घोडी असतेच. मग त्या माझे केस बाजूला करून शोधायला लागल्या. त्यांची बोटं गार होती, मला फार बरं वाटत होतं; लहानपणी आई फणीने केस विंचरायची तसं. उजव्या कानामागे, केसांच्या कडेला, त्या थांबल्या. "ये देखिए," त्या सुहासला म्हणाल्या. तिथे एक काळी खपली होती, सिगारेटचा चटका बसावा तशी. मला दुखलीही नव्हती, खाजलीही नव्हती.

"किलनी ने काटा है. उसी का बुखार है. इलाज मुश्किल नहीं है, बस याद आना चाहिए." त्या लिहिता लिहिता बोलत होत्या. "रिपोर्ट बाद में आती रहेगी, दवाई आज से ही."

सुहासने विचारलं, "तो फिर कुत्ती को हटा दें?"

"किलनी को हटाइए," मॅडम म्हणाल्या. "कुत्ती ने क्या किया है?"

सुहासच्या चेहऱ्यावरून मला कळलं, त्याला हे उत्तर आवडलेलं नाही.

पांढरं

औषध सुरू झालं त्याच संध्याकाळी माझं बीपी पडलं. श्वास लागायला लागला आणि मला आयसीयूत हलवलं. सुहासला बाहेर थांबायला सांगितलं. त्याला काय काय सांगितलं गेलं ते त्याने मला नंतर, खूप नंतर सांगितलं.

मला आठवतं ते वेगळंच. छताचे दिवे विरघळून एकत्र झाले होते. सगळीकडे पांढरं, आणि ते पांढरं श्वास घेत होतं. नूरी माझ्या पलंगाशी उभी होती. नाल नसलेल्या पायांनी आली असावी, कारण आवाज झाला नव्हता. ओल्या गवताचा वास येत होता. तिच्या आयाळीतून पाणी ठिबकत होतं आणि ते पाणी नळीतून माझ्या हातात उतरत होतं. पलीकडे नदी होती. छत्र्यांची सावली पाण्यात पडली होती आणि ती सावली उलटी होऊन वर येत होती. मला वाटलं, आता नूरीच्या पाठीवर बसायचं आणि पाण्यात उतरायचं. इतकं सोपं होतं ते. ती मात्र जागची हलत नव्हती. मी तिला चुचकारलं, टाच मारली, विनवलं. ती नुसती उभी, कान मागे टाकून, चरायला मिळालं नाही की असते तशी रुसलेली.

मी मोठ्याने म्हणाले म्हणे, "नूरीला पाणी द्या, ती तहानली आहे." सुहासला तेव्हा नुकतंच आत सोडलं होतं. आपली बायको शुद्धीत नाही, आणि नाव घेते आहे ते घोडीचं. त्याला काय वाटलं असेल.

एक-दोन दिवसांनी ताप उतरला. उतरला म्हणजे एका सकाळी मला लादी पुसण्याच्या फिनाइलचा वास आला आणि तो फिनाइलचाच होता. दिवा म्हणजे दिवा, पंखा म्हणजे पंखा. मला रडू आलं. बरं झाल्याचा आनंद म्हणावा तर तसं नव्हतं. काहीतरी सुंदर हातातून निसटल्यासारखं वाटत होतं.

वॉर्डातले दिवस

वॉर्डात सगळं ठरलेलं असतं. पहाटे रक्त, मग चादर, मग चहा, मग मॅडमचा राउंड. मधला वेळ लोळत पडलेला, त्याला काही नाव नाही. तळव्यांची त्वचा सोलवटून निघत होती. मी ती तासन् तास बघत बसायचे. एक सिस्टर होत्या, त्या नाडी बघायच्या आधी दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या. तेवढ्याशा गोष्टीसाठी मी रोज त्यांची वाट बघायचे.

भीती दुपारी यायची. सगळे झोपले की मानेवर काहीतरी चालतंय असं वाटायचं. मी केस चाचपायचे, कान चाचपायचे, चादर झटकायचे. तिथे काही नसायचं. डोळे मिटले की पुन्हा चालायला लागायचं.

"बुंदी कशी आहे?" मी सुहासला विचारायचे.

"ठीक आहे."

"आणि नूरी?"

"अंजू, तू आधी स्वतःचं बघ ना." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघायचा. अप्पा एकदाही हॉस्पिटलात आले नाहीत. मला ते लागलं होतं. म्हटलं, वय झालंय, गुडघे दुखतात. तरीही लागलं होतं.

दोन वाट्या

घरी आले तेव्हा अप्पा बाल्कनीत उन्हात बसले होते. मांडीवर जुनी शाल, शालीत बुंदी. डोळ्यांवर चष्मा, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात चिमटा. बाजूला बाटलीत स्पिरिट. बुंदीच्या कानात टॉर्च मारून ते इतक्या मन लावून बघत होते की मी आल्याचं त्यांना कळलं नाही.

मग उमगलं सगळं. मला ॲडमिट केलं त्याच दिवशी बुंदीच्या नाकातून रक्त आलं होतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, उठत नव्हती. सुहास हॉस्पिटलात. अप्पांनी, ज्यांनी तिला कधी हात लावला नव्हता, तिला शालीत गुंडाळलं आणि ऑटोने जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. रोज नेत होते. म्हणून त्यांना माझ्याकडे यायला जमत नव्हतं.

"तिलाही गोचिडाचाच ताप," अप्पा म्हणाले. "तुझा वेगळा, तिचा वेगळा, पण औषध एकच. प्लेटलेट दोघींच्या कमी. तिच्या जास्त कमी होत्या."

"मला का नाही सांगितलं?"

"तू काय केलं असतंस तिथे पडून?"

ओट्यावर दोन वाट्या होत्या. स्टीलच्या वाटीत माझी गोळी, काचेच्या वाटीत बुंदीची. अप्पांनी त्यांची कधी अदलाबदल होऊ दिली नाही. मी नाश्त्यानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, दुधाबरोबर नाही, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळतं. बुंदीची पोळीच्या घासात लपवून, त्यावर पाणी.

"ती तोंड वाकडं करत नाही," अप्पा माझ्याकडे बघून म्हणायचे.

नूरीची हकिकतही त्यांनीच सांगितली. युसूफ भिया माझी चौकशी करायला आले होते, जिन्यातच उभे राहिले. "नूरी भी घास नी खा री है, बाबूजी," म्हणाले. अप्पांनी बुंदीच्या डॉक्टरांना त्यांच्याबरोबर शेडवर पाठवलं. नूरीलाही ताप होता, डोळ्यांच्या कडा पिवळट झाल्या होत्या. रक्तात गोचिडाने सोडलेले जंतू. युसूफ भिया शेजारच्या गोठ्यातून म्हशींवर मारायचं औषध घेऊन बसले होते. डॉक्टरांनी ते लांब ठेवायला सांगितलं. म्हशीला चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही, पोटात कळा येऊन घोडं जाऊही शकतं. वेगळं औषध दिलं, इंजेक्शनं दिली. नूरी हळूहळू उभी राहत होती.

म्हणजे आम्ही तिघी एकाच वेळी आडव्या होतो. कोणामुळे कोणाला झालं, हे आजही कुणी सांगू शकत नाही.

देवासचा माणूस

बुंदीला घरात ठेवायचं नाही, हे सुहासने माझा ताप उतरायच्या आधीच ठरवलं होतं. आमच्यात त्यावरून भांडण झालं नाही. मला भांडायची ताकद नव्हती आणि तो माझ्यासमोर विषय काढत नव्हता. तो बाथरूममध्ये जाऊन फोनवर बोलायचा आणि मला ऐकू यायचं.

एका रविवारी दुपारी देवासकडचा एक माणूस आला. त्याच्या शेतावर राखणीला कुत्रा हवा होता. मी पुढच्या खोलीत दिवाणावर पडले होते, अर्धवट झोपेत. आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते.

"ये है क्या? कमजोर दिख री है," तो माणूस म्हणाला.

"बीमार थी. अब ठीक है," सुहास म्हणाला.

"चलो, बाहर बंधी रहेगी तो तगड़ी हो जाएगी."

मी डोळे किलकिले केले. बुंदी अप्पांच्या पायाशी झोपली होती, तिच्या पोटावरचे केस सलाइनसाठी भादरलेल्या पंजावरच्या केसांसारखेच विरळ दिसत होते. अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. सुहास पट्टा घेऊन वाकला. बुंदीने शेपटी हलवली. तिला वाटलं, फिरायला जायचंय. ती उठायला गेली, मागचे पाय लटपटले, आणि तिने सुहासच्या गुडघ्यावर डोकं टेकून तोल सावरला.

तो तसाच वाकून राहिला. मग पट्टा खाली ठेवला.

"नहीं भिया," तो म्हणाला. "अभी इसकी दवाई चल री है. आप चाय पी के जाना."

माणूस गेल्यावर सुहास माझ्या उशाशी येऊन बसला. त्याला वाटलं मी झोपले आहे.

"आयसीयूतले डॉक्टर म्हणाले होते, वाचेल की नाही सांगता येत नाही," तो म्हणाला. "बाहेरच्या बाकावर बसून मी विचार करत होतो, घरी जाऊन कपाट कसं उघडू, त्यात तुझ्या साड्या असतील. कुणावर तरी राग काढायचा होता, अंजू. ती समोर होती."

मी त्याचा हात धरला. त्या आजारपणात मी त्याला काही देऊ शकले असेन तर एवढंच.

हात

एवढं सगळं झालं, बुंदी राहिली. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी तिला हात लावू शकत नाही.

ती जवळ आली की माझे पाय आपोआप वर जायचे. तिचं अंग माझ्या चादरीला लागलं तर मी चादर धुवायला टाकायचे. तिच्या केसांत काही नाही हे मला माहीत होतं. अप्पा रोज बघत होते. पण अंगाला ते कोण सांगणार? बुंदीला ते समजलं. ती खोलीच्या दारापर्यंत यायची, उंबऱ्यावर पंजे ठेवायची आणि तिथेच बसायची. त्या नजरेत तक्रार नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटायचं. कृष्णपुऱ्याकडे तर मी गेलेच नाही. युसूफ भिया फोन करायचे, "दीदी, नूरी रास्ता देखती है," आणि मी म्हणायचे, अजून अशक्तपणा आहे.

मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, होतं असं, वेळ लागेल, घाई करू नका. आजारातून उठलेल्या कुणाला असं होत असेल तर मीही तेच सांगेन. ताप उतरल्यावरही आजार काही दिवस हातापायांत राहतो.

दरम्यान घर बदललं. बुंदीच्या मानेवर दर महिन्याला औषधाचे थेंब पडतात. बाहेरून आलो की आधी तिचे कान, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची जागा, शेपटीचं मूळ. मग आपले कपडे, आपली मान, कानामागे. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायचा आणि सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. केरोसीन नाही, तेल नाही, जळती काडी नाही. आणि नखांनी चिरडायचा तर मुळीच नाही. स्पिरिटमध्ये टाकायचा, हात साबणाने धुवायचे. बुंदीची गोधडी कढत पाण्यात धुतली जाते. बाल्कनीच्या भिंतीतल्या फटी सुहासने स्वतः बसून सिमेंटने भरल्या, कारण अंडी तिथेच घालतात म्हणे. आणि कधी ताप आलाच, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघायची नाही. घरात जनावर आहे, हे आपणच आधी सांगायचं.

वरात

देवउठनी, म्हणजे कार्तिकी, एकादशी झाली आणि शहरात लग्नं सुरू झाली. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, लांबून बँड ऐकू आला. मी बाल्कनीत होते. गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर दिवे घेतलेली माणसं वळली, त्यांच्या मागे नाचणारे, आणि मग त्या सगळ्या लाल-पिवळ्या उजेडातून एक पांढरं डोकं वर आलं. कलगी, मोत्यांच्या माळा, जरीची झूल. नूरी. ती चालत नव्हती, उजेडात वाहत येत होती. पाठीवर फेटा सावरत बसलेला एक घाबरा नवरदेव.

युसूफ भियांनी वर पाहिलं. लगाम धरून ते आमच्या फाटकासमोर थांबले. बँड पुढे गेला, नाचणारे पुढे गेले, आणि नूरीभोवती थोडी जागा मोकळी झाली.

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. चपला घातल्या नव्हत्या. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हात उचललाच जाईना. तिने मान खाली केली, नाकपुड्या फुलवल्या आणि माझ्या खांद्यावर एक लांब, गरम श्वास सोडला. मी तिच्या मानेवर हात ठेवला. झुलीखाली ती घामाने ओली होती. कातडीखाली एक शीर उडत होती. माझी बोटं सवयीने आयाळीच्या मुळाशी गेली, कानाच्या आत गेली. स्वच्छ होतं.

"रोज देखता हूँ दीदी," युसूफ भिया म्हणाले. "टॉर्च लगा के."

"क्या हुआ? घोड़ी को कुछ हुआ क्या?" वरून नवरदेवाने विचारलं.

"कुछ नहीं हुआ," मी म्हटलं. "शादी की बधाई."

वरात पुढे गेली. मी वर आले. बुंदी खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती, तिच्या जागेवर. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि हात पुढे केला. त्या हाताला नूरीचा घाम होता, अत्तर होतं, गवताचा वास होता. ती नाक लावून तो हात हुंगत राहिली, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. मी हात मागे घेतला नाही.